मंदीत घर बांधायला घेताना: बाजाराचा अंदाज, कंत्राट आणि थांबण्याच्या जागा

मंदीत घर बांधणं स्वस्त पडतं, हे अर्धंच खरं. गवंडी, सेंटरिंगवाले (ओल्या काँक्रीटला आधार म्हणून फळ्या-टेकू लावणारे), कंत्राटदार रिकामे असतात, मजुरीचे दर उतरलेले असतात, मालवाले रोखीवर चांगली सूट देतात. पण ज्या कारणाने दर उतरतात, त्याच कारणाने कंत्राटदाराच्या हातात खेळता पैसा उरत नाही. तेजीत घर महाग पडतं, मंदीत ते अर्ध्यावर अडकतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं एका नियमाभोवती फिरतं: काम कोणत्याही दिवशी बंद पडलं, तरी तुम्ही दिलेला पैसा जागेवर उभ्या असलेल्या कामाच्या पुढे गेलेला नसावा.

मंदी कशामुळे आली, ते आधी ओळखा

बाजार तीन कारणांनी थंडावतो. पहिलं कारण म्हणजे व्याजदर चढतात. इथे गिऱ्हाईक असतं, पण त्याला हप्ता झेपत नाही. व्याज उतरलं की असा बाजार लवकर हलतो. दुसरं, लोकांच्या नोकऱ्या जातात. मग व्याज कितीही कमी केलं तरी कोणी कर्ज अंगावर घेत नाही आणि बाजार सावरायला रोजगार परत यावा लागतो. तिसरं, गरजेपेक्षा जास्त घरं बांधली गेलेली असतात. हा प्रकार सर्वांत चिवट. आयर्लंडमध्ये २००६ साली सुमारे ९० हजार घरं पूर्ण झाली होती, २०१३पर्यंत वर्षाचा आकडा १० हजारांच्या खाली घसरला. २०१०च्या सरकारी पाहणीत २,८००हून जास्त वसाहती अर्धवट सापडल्या. कुठे घरं तयार पण रस्ता नाही, कुठे नुसते सांगाडे. आणि बांधकाम इतकी वर्षं बंद राहिलं की पुढे त्याच देशात, डब्लिनमध्ये तर फारच, घरांची टंचाई झाली. आज न बांधलेली घरं काही वर्षांनी कमी पडतात. जमीन घेण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत दोन ते चार वर्षं सहज जातात, त्यामुळे पुरवठा नेहमी मागणीच्या मागून धावतो.

तुमच्या भागात शिल्लक साठा किती आहे, याचा हिशोब घरबसल्या करता येतो. तुमच्यासारख्याच आकाराची विक्रीला असलेली घरं मोजा. गेल्या सहा महिन्यांत तशी किती घरं खरोखर विकली गेली ते नोंदणीच्या कागदांवरून काढा. समजा ४८० घरं पडून आहेत आणि सहा महिन्यांत १२० विकली गेली, म्हणजे महिन्याला २०. मग साठा २४ महिन्यांचा झाला. साधारण सहा महिन्यांचा साठा असेल तर बाजार समतोल मानतात. इथे एक चूक हमखास होते: बांधकाम चालू असलेली घरं मोजायची राहून जातात. वर्षभरात आणखी २४० घरं तयार होणार असतील, तर त्याच वेगाने साठा ३६ महिन्यांवर जातो. दुसरी चूक म्हणजे सगळी घरं एकत्र मोजणं. मोठ्या इमारतींतली छोटी घरं पडून आहेत म्हणून स्वतंत्र घरांचा बाजारही पडलाय, असं होत नाही.

जाहिरातीतल्या किमतीवर विसंबू नका. मंदीत किंमत सर्वांत शेवटी पडते. आधी सौदे कमी होतात, मग घर विकायला लागणारे दिवस वाढतात, मग नव्या परवानग्या कमी होतात, मग नवी कामं थांबतात आणि त्यानंतर मालक दर खाली आणतो. अमेरिकेत २००५ साली सुमारे २०.७ लाख नव्या घरांची कामं सुरू झाली होती, २००९मध्ये ती साडेपाच लाखांवर आली. पण देशभरातल्या घरांच्या किमतींनी तळ गाठला तो २०१२च्या सुरुवातीला. बांधकामाचा तळ आणि किमतीचा तळ यांत जवळपास तीन वर्षांचं अंतर पडलं. ज्याला तयार घर घ्यायचं आहे, त्याला अशा वेळी थांबून फायदा होऊ शकतो. ज्याला स्वतः बांधायचं आहे, त्याने मात्र किमतीच्या तळाची वाट बघत बसू नये. चांगले कारागीर मोकळे सापडतात ते बांधकामाच्या तळाला. पुढे ते दुसऱ्या धंद्यात जातात, आणि गेलेला गवंडी सहसा परत येत नाही.

भाड्याकडेही बघा. किंमत उतरतेय पण भाडं टिकून आहे, तर राहायला माणसं आहेत, फक्त खरेदीदार थांबलेत. किंमत आणि भाडं दोन्ही उतरत असतील, तर लोक तो भाग सोडून चाललेत. अशा ठिकाणी मजुरी कितीही स्वस्त मिळाली तरी बांधू नका. आमचा ठोकताळा असा: सात-आठ वर्षं स्वतः राहणार असाल तर मंदीत बांधायला हरकत नाही. तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर नको.

सर्वांत जास्त घासाघीस जमिनीत

घराची विक्रीची किंमत १०० धरा. त्यात बांधकाम ५५, फी, व्याज आणि नफा मिळून २०, म्हणजे जमिनीच्या वाट्याला उरतात २५. आता विक्रीची किंमत १० टक्क्यांनी उतरून ९० झाली. सिमेंट आणि लोखंड तेवढ्याने उतरत नाही. मागणी घटली की कारखाने उत्पादन कमी करतात आणि दर धरून ठेवतात. बांधकाम ५५च राहिलं, बाकीचे २०ही तसेच राहिले, तर जमिनीला उरतात १५. घराची किंमत १० टक्के पडली की जमिनीची रास्त किंमत ४० टक्के पडते.

जमीनमालकाला हे मान्य नसतं. तो तेजीतला आकडा मनात धरून बसलेला असतो आणि त्याला रोजचा खर्च नसल्याने तो थांबू शकतो. म्हणून मुदत असलेला विक्रेता शोधा: कर्जाचा हप्ता थकलेला, वाटणीत अडकलेला, किंवा अर्धा प्रकल्प गुंडाळणारा विकासक. त्याच्यासमोर वरचा हिशोब कागदावर मांडा. पण अशा विक्रेत्याच्या जमिनीवर बोजा असण्याची शक्यताही जास्त असते. मालकीचा शोध पूर्ण झाल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि कर्ज थकलेलं असेल तर तुमचा पैसा थेट त्या कर्जखात्यात भरून बोजा उतरवून घ्या.

कर्ज आणि गंगाजळी

उतरलेल्या किमतीचा फायदा व्याज कसं खाऊन टाकतं ते बघा. २० वर्षांच्या कर्जावर दर १,००० रकमेमागे महिन्याचा हप्ता ८ टक्के व्याजाने ८.३६ येतो, ९ टक्क्यांनी ९.०० आणि १० टक्क्यांनी ९.६५. घर १० टक्क्यांनी स्वस्त झालं पण व्याज ८वरून १०वर गेलं, तर ९०० रकमेचा हप्ता ८.६९ होतो. म्हणजे स्वस्त घराचा हप्ता महाग घरापेक्षा जास्त. बदलत्या दराचं कर्ज असेल तर पुढे व्याज उतरल्यावर हप्ता खाली येईल, स्थिर दराचं असेल तर नाही. कर्ज मुदतीआधी फेडायला दंड किती, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि मंदीत अडचण इथेच येते. कर्ज देणारा दर टप्प्याला मूल्यांकन करतो. भागातले भाव उतरले की तो पुढचा टप्पा कमी करू शकतो. म्हणून स्वतःच्या वाट्याचे पैसे आधी संपवून पुढचं कर्जावर सोडू नका. दर टप्प्याला दोन्ही थोडे थोडे वापरता येतील का, ते विचारा. अंदाजपत्रकावर १० ते १५ टक्के रक्कम वेगळी ठेवा आणि हात लावू नका. याशिवाय सहा ते बारा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता बाजूला असावा, कारण मंदीत तुमचीही नोकरी जाऊ शकते. एवढं जमत नसेल तर घर लहान करा.

लहान करताना आकार साधा ठेवा. १०० चौरस मीटरचं घर १० बाय १० मीटर असेल तर बाहेरची भिंत ४० मीटर भरते. तेच २० बाय ५ केलं तर ५० मीटर, म्हणजे पाया, वीट, गिलावा आणि रंग चौथाईने वाढले. प्रत्येक जास्तीचा कोपरा पैसे मागतो. पाया आणि कॉलम मात्र पुढच्या मजल्याच्या हिशोबाने आत्ताच घ्या. ते काम नंतर होत नाही.

विकासकाकडून घर घेत असाल तर

इथे थोडक्यात सांगतो. आगाऊ पैसे घेऊन बांधण्याच्या पद्धतीत नव्या गिऱ्हाइकाच्या पैशावर जुनं काम चालतं. विक्री थांबली की काम थांबतं. चीनमध्ये एव्हरग्रांड ही कंपनी डिसेंबर २०२१मध्ये कर्जफेडीत चुकली. २०२२मध्ये अनेक शहरांतल्या लोकांनी अपुऱ्या घरांचे हप्ते भरणं थांबवलं आणि जानेवारी २०२४मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

म्हणून मंदीत सांगाडा पूर्ण झालेल्या इमारतीतच घर घ्या. तुमचा टप्पा पुढच्या टप्प्याशिवाय राहण्यायोग्य होतो का, ते नकाशावर बघा. पाण्याची टाकी, सांडपाण्याची व्यवस्था किंवा मुख्य रस्ता जर दुसऱ्या टप्प्यात असेल आणि तो टप्पा झालाच नाही, तर तयार घरातही राहता येणार नाही. गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या खात्यात राहतात का आणि ते खात्यातून कोणाच्या सहीने निघतात, हेही विचारा. विकासक छापील दर सहसा कमी करत नाही. दर कमी केला तर आधीचे खरेदीदार भांडतात आणि बँकेकडे तारण ठेवलेल्या उरलेल्या घरांचं मूल्यही घसरतं. त्याऐवजी तो फर्निचर, पार्किंग, नोंदणीखर्च असं काही देऊ करतो. त्या वस्तूंची खरी किंमत काढा आणि तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून वजा करून मागा.

कोटेशन वाचण्याची रीत

किमान चार कोटेशन घ्या. सगळ्यांना एकच नकाशा, एकच मालाचा तपशील आणि एकच मोजमाप द्या. नुसता चौरस फुटाचा दर घेऊ नका, बाबवार दर मागा: खोदाई, पाया, जोतं, कॉलम-बीम, स्लॅब, वीटकाम, गिलावा, नळकाम, वायरिंग, दारं-खिडक्या, फरशी, रंग. मग चारही कोटेशन एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी लिहा.

आधी एकूण रकमेकडे बघा. एक कोटेशन बाकी तिघांच्या सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर तो माणूस एक तर काही बाब विसरलाय, किंवा कसंही करून आगाऊ रक्कम उचलायची म्हणून काम घेतोय. मंदीत दुसरंच जास्त घडतं. तुमची आगाऊ रक्कम मागच्या साइटच्या मालवाल्याला जाते.

त्यानंतर रक्कम कुठे ठेवली आहे ते बघा. दोन कोटेशन घ्या, दोन्ही १००ची. पहिल्यात पाया आणि जोतं मिळून १३, दुसऱ्यात २२. दुसऱ्याने फरशी, रंग आणि दारांचे दर तेवढेच खाली आणलेत, म्हणून बेरीज जुळते. जोतं झाल्यावर दुसऱ्याच्या खिशात कामापेक्षा ९ जास्त गेलेले असतात. पुढची कामं तर त्याला तोट्याचीच आहेत. त्या दिवसापासून त्याला तुमची साइट सोडण्यातच फायदा. असं कोटेशन नाकारायलाच हवं असं नाही, पण हप्ते त्याच्या दरांवर न बांधता चौघांच्या मधल्या दरांवर बांधा. तो तयार झाला नाही तर त्याचा हेतू कळला.

माणसाची चौकशी त्याने दाखवलेल्या तयार घरांवरून करू नका, ती तेजीत झालेली असतील. सध्या चालू असलेल्या त्याच्या साइटवर जा आणि मुकादमाला विचारा की मजुरी दर आठवड्याला मिळते का. त्याच्या सिमेंट आणि लोखंडाच्या पुरवठादाराकडे जा. पुरवठादार उधारीवर माल देतोय की रोखीशिवाय नाही, एवढं एक उत्तर पुष्कळ सांगून जातं.

हप्ते कामामागून

दोन मजली साध्या घरासाठी हप्त्यांची विभागणी साधारण अशी ठेवता येते:

- करारावर सही झाल्यावर ५ टक्के, तेही बँक हमीवर किंवा तेवढा माल जागेवर आल्यावर
- पाया आणि जोतं पूर्ण: १३
- पहिला स्लॅब: १५
- दुसरा स्लॅब: १५
- वीटकाम: १०
- भिंतीतले पाइप आणि गिलावा: १२
- दारं-खिडक्या: ८
- फरशी आणि टाइल: ९
- रंग, नळ, दिवे, साफसफाई: ८
- ताबा घेतल्यावर १२ महिन्यांनी: ५

प्रत्येक टप्प्याची व्याख्या करारात लिहा. ‘स्लॅब पूर्ण’ म्हणजे काँक्रीट ओतलं तो दिवस की सेंटरिंग काढून खालून पाहणी झाली तो दिवस? दुसरा धरा. स्लॅबखालची खडी उघडी पडली असेल तर ती सेंटरिंग काढल्यावरच दिसते, आणि तोवर पैसे गेलेले असतील तर दुरुस्तीला कोणी येत नाही.

सिमेंट आणि लोखंड तुम्ही स्वतः घेऊन द्यायचं आणि कंत्राटदाराला फक्त मजुरी द्यायची, हा मंदीतला चांगला मार्ग आहे. तुमच्या पैशाचा माल तुमच्याच जागेवर राहतो. मात्र रोज मोजदाद ठेवावी लागते. स्वस्त मिळतंय म्हणून सिमेंट साठवू नका. तीन महिन्यांत त्याची ताकद सुमारे २० टक्क्यांनी उतरू शकते, दमट हवेत आणखी लवकर. चार-सहा आठवड्यांचाच साठा ठेवा: जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंच फळ्यांवर, भिंतीपासून ३० सेंटीमीटर दूर, थर १० पोत्यांपेक्षा उंच नाही. आधी आलेलं आधी वापरा. लोखंड थोडं आधी घेतलं तरी चालतं, फक्त ते उंचावर आणि झाकलेलं हवं.

साइटवर काय तपासायचं

पैसा कमी पडला की काटकसर कुठे होते ते ठरलेलं आहे: सळईच्या वजनात, सिमेंटच्या मापात, पाणी मारण्यात आणि सेंटरिंगच्या दिवसांत.

सळई तपासायला फक्त काटा आणि टेप लागतो. जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि १६२ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. ८ मिलिमीटरला ३९५ ग्रॅम, १० मिलिमीटरला ६१७, १२ मिलिमीटरला ८८८, १६ मिलिमीटरला १ किलो ५८०. १२ मिलिमीटरचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून घ्या आणि तोला. ८४० ग्रॅमच्या खाली गेला तर तो गठ्ठा परत पाठवा. सळई बारीक, पण बिलात वजन पूर्ण, हा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, काट्यावरच कळतो.

साध्या घरासाठी १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचं काँक्रीट घेतलं तर घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं. स्लॅबचं घनफळ काढून त्याला ८ने गुणा आणि त्या दिवशी रिकामी झालेली पोती मोजा. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पातळ माल ओतायला सोपा म्हणून मजूर बादली वाढवतात. ते पाणी नंतर उडून जातं आणि काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात. प्रत्येक स्लॅबच्या दिवशी १५ सेंटीमीटरचे सहा ठोकळे भरून ठेवा, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून बघायला.

सेंटरिंगवर मंदीत डोळा ठेवावाच लागतो. कंत्राटदाराकडे एकच संच असतो आणि तो दुसऱ्या साइटवर हवा असतो. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून लांब स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायचे. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. तुमच्याकडे लागू असलेलं मानक वेगळं असेल तर ते पाळा. पण तारखा करारात घाला, आणि टेकूंवर ओतल्याची तारीख खडूने लिहून ठेवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उन्हात १० दिवस सतत ओलावा हवा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, नुसतं पाणी मारलं तर ते तासाभरात सुकतं.

कंत्राटदार अडचणीत आल्याच्या खुणा साइटवर आधी दिसतात. पोती शंभराऐवजी वीस-वीस येऊ लागतात, म्हणजे उधारी बंद झाली. बाराचे पाच मजूर होतात. ओळखीचा मुकादम दिसेनासा होतो. टप्पा पूर्ण व्हायच्या आतच ‘थोडे द्या, शनिवारची मजुरी आहे’ असा निरोप येतो. अशा वेळी द्यायचेच असतील तर मजुरांना किंवा मालवाल्याला थेट द्या, पावती घ्या आणि पुढच्या हप्त्यातून वळते करा. कंत्राटदाराच्या हातात देऊ नका.

थांबायचंच असेल तर कुठे थांबायचं

हे काम सुरू करण्याआधी ठरवा. पैसे संपल्यावर काम जिथे असेल तिथेच थांबतं, आणि ती जागा बहुधा सर्वांत वाईट असते.

खोदाई करून थांबू नका. उघड्या खड्ड्याच्या बाजू ढासळतात आणि पावसाच्या पाण्याने तळाची माती सैल होते. मग तो थर काढून पुन्हा खोल जावं लागतं आणि ती वाढीव खोली काँक्रीटने भरावी लागते. पायाचे पैसे जोत्यापर्यंत पुरणार असतील तरच खोदाईला हात घाला. जोतं भरून, दाबून, वरचा काँक्रीटचा थर घालून थांबलात तर ती चांगली जागा. तिथे एक-दोन वर्षं काही बिघडत नाही.

दुसरी चांगली जागा म्हणजे वरचा स्लॅब, त्यावर उताराचा थर आणि पाणी जायला पाइप. स्लॅब टाकून पाणी काढायची सोय न करता सोडलं तर डबकं साचतं आणि गळती सुरू होते. भिंती उभ्या पण छप्पर नाही, ही वाईट जागा. पावसाचं पाणी वरच्या थरातून भिंतीत उतरतं आणि सांधे धुऊन जातात. थांबावंच लागलं तर माथ्यावर सिमेंटचा थर द्या आणि वर पत्रा किंवा जाड प्लास्टिक बांधा.

पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया उघड्या ठेवू नका. गंज सर्वांत जास्त काँक्रीटला लागून असलेल्या भागात, बुडाशी धरतो, आणि सळई तिथेच बारीक होते. थोड्या महिन्यांसाठी सिमेंटची दाट रबडी लावून प्लास्टिक गुंडाळलं तरी चालतं, पण ती रबडी तडकते, दर दोन-तीन महिन्यांनी बघावी लागते. वर्षावर थांबायचं असेल तर सळयांभोवती हलकं, कमी सिमेंटचं काँक्रीट भरून ठेवा. नंतर ते फोडता येतं.

काम परत सुरू करताना सळया तारेच्या ब्रशने घासा, बुडाशी कॅलिपरने जाडी मोजा आणि वजनाने ताडा. नुसता लालसर थर असेल तर हरकत नाही. खपल्या निघत असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या काँक्रीटचा वरचा गुळगुळीत पापुद्रा टोचून काढा, खडी दिसू द्या, धूळ धुवा, आदल्या दिवशी भिजवा आणि साचलेलं पाणी पुसूनच नवं काँक्रीट ओता. हा पापुद्रा तसाच ठेवला तर जुनं-नवं चिकटत नाही आणि गळती बरोबर त्या सांध्यातून होते.

कंत्राटदार सोडून गेला तर

त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. जागेवरचा माल मोजून यादी करा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. भाड्याच्या सेंटरिंगचा मालक येईल, त्याला दिवस पूर्ण झाल्याशिवाय टेकू काढू देऊ नका, राहिलेल्या दिवसांचं भाडं तुम्ही द्या. करारात ठरलेल्या पत्त्यावर लेखी नोटीस पाठवा, मुदत देऊन. मुदत संपली की तटस्थ इंजिनिअरकडून झालेल्या कामाची मोजमाप वही करून घ्या. नवा कंत्राटदार हे मोजमाप झाल्याशिवाय कामाला हात लावणार नाही, आणि लावला तरी जुन्या कामातला प्रत्येक दोष पहिल्याच्या माथी मारेल. उरलेल्या कामाला त्याचा दर मूळ दरापेक्षा चढाच असतो. हप्ते कामामागून ठेवले असतील तर हा फरक तुमच्याच हातात राहिलेल्या पैशातून निघतो.

घर पूर्ण होऊन ताबा मिळाला, तरी शेवटचे ५ टक्के वर्षभर धरून ठेवा. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडक्यांचे खालचे कोपरे, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, संडास-बाथरूमच्या खालचं छत हाताने चाचपून बघा. उन्हाळ्यात गिलाव्यावर काठीने हलकं ठोका, पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. ही यादी महिन्याची मुदत देऊन कंत्राटदाराला द्या, आणि दुरुस्ती झाल्यावरच ती रक्कम सोडा.